धातूची पूड, प्लास्टिकचा बुश

निर्लेप तव्यावरचं धिरडं तवा नुसता हलवला तरी सुटून येतं. त्याच तव्यावर स्टीलचं उलथनं दोन-चारदा जोरात फिरलं की ओरखडे उठतात आणि थर निघायला लागतो. ज्याला काहीच चिकटत नाही, तो पदार्थ स्वतः इतका नाजूक का?

हा थर टेफ्लॉनचा. ६ एप्रिल १९३८ रोजी अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीत रॉय प्लंकेट यांना तो अनपेक्षितपणे सापडला. वायूच्या नळकांड्यात वायूऐवजी पांढरी पूड निघाली. घन पदार्थांमध्ये इतकं कमी घर्षण असलेले पदार्थ फार थोडे. पण उलथनं बाजूला ठेवू. टेफ्लॉनचा ठोकळा तुकतुकीत पोलादावर कुठेही न खरवडता नुसता सरकवत ठेवला, तरी तो भराभर झिजतो. नायलॉन त्याच पोलादावर टेफ्लॉनपेक्षा तीन-चार पट जास्त अडतो आणि तरीही कितीतरी कमी झिजतो.

कोडं इथे संपत नाही. टेफ्लॉनमध्ये वजनाने ४० ते ६० टक्के ब्राँझची पूड मिसळली तर घर्षण थोडं वाढतं, झीज मात्र शंभर पट किंवा त्याहूनही जास्त घटते. ब्राँझ भरलेल्या टेफ्लॉनच्या कड्या हायड्रॉलिक सिलिंडरांत कित्येक दशकं वापरल्या जात आहेत. आता धातूची पूड मिसळलेलं प्लास्टिक थ्री-डी प्रिंटरवरही छापता येतं. मग छापलेल्या वस्तूतही पूड हेच काम करते का? कधी करते, कधी अगदी उलटं करते. याचं उत्तर धातूच्या कठीणपणात फारसं सापडत नाही. प्लास्टिकने त्या कणाला किती घट्ट धरलंय आणि समोरच्या पृष्ठभागावर काय साचतंय, तिथे ते सापडतं.

घर्षण वेगळं, झीज वेगळी

आपण रोजच्या बोलण्यात ‘घासलं की झिजतं’ म्हणतो आणि दोन गोष्टी एकच समजतो. घर्षण म्हणजे सरकवायला लागणारा जोर. शंभर न्यूटन बलाने दाबलेली वस्तू सरकवायला तीस न्यूटन लागले, तर घर्षणांक ०.३. कोरड्या पोलादावर नायलॉनचा घर्षणांक साधारण ०.२ ते ०.४, टेफ्लॉनचा ०.०५ ते ०.१. झीज म्हणजे सरकताना गमावलेला पदार्थ. पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधता येत नाही.

कितीही पॉलिश केलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली उंचसखल असतो. दोन पृष्ठभाग एकमेकांवर ठेवले की फक्त उंचवटे टेकतात. खरा स्पर्श दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी लहानशा भागात होतो. त्या ठिपक्यांवर सगळा भार येतो, तिथे दोन्ही पदार्थ एकमेकांना चिकटतात आणि सरकताना ते सांधे तुटतात. सांधे तोडायला लागणारा जोर हा घर्षणाचा मोठा वाटा. पण सांधा तुटतो कुठे? जिथे तो जुळला तिथेच तुटला तर पदार्थ जात नाही. प्लास्टिकच्या आत, थोडं खोलवर तुटला तर प्लास्टिकची कपची निघून येते, आणि ती झीज.

टेफ्लॉनचे लांबलचक रेणू बाहेरून इतके गुळगुळीत असतात की ते एकमेकांवरूनही सहज सरकतात. म्हणून घर्षण कमी. आणि त्याच कारणामुळे पदार्थाचे पापुद्रेच्या पापुद्रे सुटून येतात. घसरडेपणा आणि झीज एकाच मुळातून आलेली आहेत. ब्राँझचे कण पापुद्र्यांच्या वाटेत उभे राहतात, मोठा पापुद्रा सुटू देत नाहीत.

इंग्लंडमधल्या जॉन आर्चर्ड यांनी १९५३ मध्ये झिजेचा जो नियम मांडला, तो आजही पहिला अंदाज म्हणून वापरतात. भार जितका जास्त आणि सरकण्याचं अंतर जितकं जास्त, तितकी झीज जास्त. पदार्थ जितका कठीण, तितकी झीज कमी. या नियमावरून वाटतं की धातू घाला, कठीणपणा वाढवा, झीज कमी होईल. पण हा नियम धातूंसाठी जितका बरा चालतो तितका प्लास्टिकसाठी चालत नाही. खडबडीत पृष्ठभागावर घासताना प्लास्टिकची ताकद आणि तुटण्याआधी ताणलं जाण्याची क्षमता यांचा गुणाकार जास्त महत्त्वाचा ठरतो, हे रॅटनर आणि लँकेस्टर यांच्या १९६० च्या दशकातल्या कामातून पुढे आलं. धातूची पूड घातली की कठीणपणा वाढतो, पण ताणलं जाण्याची क्षमता झपाट्याने घसरते. वाळू-धुळीत चालणारा भाग अशा वेळी साध्या प्लास्टिकपेक्षाही जास्त झिजू शकतो.

जबलपुरात याची गरज कुणाला?

जबलपूर हे सुट्या भागांचं शहर आहे. १९०४ मध्ये सुरू झालेली गन कॅरेज फॅक्टरी, म्हणजे सगळ्यांच्या तोंडची जीसीएफ, खमरियाची दारूगोळा फॅक्टरी, १९६९ पासूनची व्हेईकल फॅक्टरी, आणि त्यांच्याभोवती वाढलेली छोटी वर्कशॉप. जिथे जुनी यंत्रं असतात तिथे बुशचा प्रश्न असतो. बुश म्हणजे फिरणाऱ्या शाफ्टभोवती बसणारी नळी. ती मुद्दाम मऊ पदार्थाची करतात, म्हणजे झीज महागड्या शाफ्टची न होता स्वस्त बुशची होते. हजारो नग हवे असतील तर प्लास्टिकचा बुश साच्यात ओततात. चारच हवे असतील तर साच्याचा खर्च परवडत नाही. लेथवर कातता येतो, पण आतून वेडावाकडा आकार हवा असेल तर तेही अवघड. थ्री-डी प्रिंटर इथे उपयोगी पडतो.

शहराच्या पूर्वेला डुमना भागात पंडित द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या नावाची ट्रिपल आयटीडीएम ही केंद्र सरकारची संस्था २००५ पासून आहे. तिच्या नावातच डिझाइन आणि उत्पादन आहे. तिथल्या संशोधकांनी काही वर्षांपूर्वी केलेलं एक काम मला या विषयासाठी फार मोलाचं वाटतं. बहुतेक स्वस्त प्रिंटर प्लास्टिकची तार वापरतात, तिला फिलामेंट म्हणतात. या संशोधकांनी तारेऐवजी प्लास्टिकचे दाणे वितळवून स्क्रूने बाहेर ढकलणारं यंत्र सीएनसी मिलिंग मशीनवर बसवलं आणि ईव्हीए नावाच्या रबरासारख्या लवचीक प्लास्टिकच्या वस्तू छापल्या. ईव्हीएची तार इतकी मऊ असते की ढकलताना ती वाकते. धातू भरलेल्या तारेची अडचण नेमकी उलटी: ती ठिसूळ होते आणि रिळावर गुंडाळताना किंवा प्रिंटरच्या चाकांत कडकन तुटते. म्हणून पूड किती घालायची याची मर्यादा बऱ्याचदा बुशच्या गरजेवरून ठरत नाही, तार तुटू नये यावरून ठरते. दाण्यांच्या वाटेने गेलं तर ही मर्यादा बरीच सैल होईल.

सोऱ्या आणि चकली

स्वस्त प्रिंटर ज्या पद्धतीने चालतात तिचा शोध अमेरिकेतल्या स्कॉट क्रंप यांचा. १९८९ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, आणि त्या पेटंटची मुदत २००९ मध्ये संपल्यावर हे प्रिंटर शाळा-कॉलेजांत पोचले. ही पद्धत ज्यांनी चकल्या पाडल्या आहेत त्यांना नव्याने शिकवायला नको. सोऱ्यातून पीठ दाबून बाहेर काढतात, तसं १.७५ मिलिमीटर जाडीची तार तापवून ०.४ मिलिमीटरच्या छिद्रातून बाहेर येते. चकलीच्या वेढ्याला वेढा टेकतो, तशी एका रेघेशेजारी दुसरी रेघ पडते. एक थर झाला की त्यावर दुसरा. आणि चकलीत जसे वेढे सगळीकडे सारखे चिकटत नाहीत, मध्ये फटी राहतात, तशाच फटी छापलेल्या वस्तूतही राहतात.

साच्यात ओतलेला आणि छापलेला बुश एकाच पदार्थाचे असले तरी वेगळे वागतात, ते या फटींमुळे. रेघेच्या दिशेने सरकवलं तर एक प्रकारची झीज, रेघा आडव्या येतील असं सरकवलं तर दुसरी. थर एकमेकांपासून सोलले जातील अशा दिशेने जोर लागला तर आणखी वेगळी. रांची आणि राउरकेला इथल्या संशोधकांनी २०१२ च्या सुमारास एबीएस प्लास्टिकच्या छापलेल्या वस्तूंची झीज तपासली तेव्हा थराची जाडी, वस्तू कोणत्या बाजूने उभी छापली, रेघेचा कोन, रेघेची रुंदी आणि दोन रेघांमधलं अंतर हे पाच घटक त्यांनी पाहिले. पाचही प्रिंटरच्या सेटिंगमधले आहेत, पदार्थातला एकही नाही. तेव्हा कुणी ‘तांब्याचं फिलामेंट वापरलं, झीज कमी झाली’ असं सांगितलं, तर वस्तू कशी आडवी-उभी छापली होती, हे आधी विचारावं.

चौकट: ‘८० टक्के धातू’ म्हणजे किती?

फिलामेंटच्या डब्यावर धातूचं प्रमाण वजनाने लिहितात. झीज मात्र जागेच्या, म्हणजे आकारमानाच्या हिशोबाने होते. तांब्याची घनता ८.९६, तर पीएलए या नेहमीच्या छपाईच्या प्लास्टिकची १.२४. म्हणून वजनाने ८० टक्के तांबं असलेल्या मिश्रणात तांब्याने व्यापलेली जागा फक्त ३६ टक्के असते. बाकी ६४ टक्के प्लास्टिकच. उलट, १० टक्के जागा तांब्याला द्यायची तर वजनाने सुमारे ४५ टक्के तांबं घालावं लागतं. हातात घेतल्यावर वस्तू धातूसारखी जड लागते, पण शाफ्टला टेकणारा बराचसा भाग प्लास्टिकचा असतो.

कण आत गेल्यावर

धातूच्या कणांचं श्रेय बहुतेक वेळा उष्णतेला दिलं जातं. घर्षणात खर्च झालेली जवळजवळ सगळी ऊर्जा उष्णता होते. २० न्यूटन भार, सेकंदाला १ मीटर वेग आणि ०.३ घर्षणांक धरला तर दर सेकंदाला ६ ज्यूल, म्हणजे ६ वॅट उष्णता त्या छोट्याशा जागेत तयार होते. प्लास्टिक उष्णता वाहून नेण्यात फार मंद. तांबं त्याच्या हजारपटीहून अधिक वेगवान. मग तांबं घातल्यावर प्लास्टिक झरझर थंड व्हायला हवं.

तसं होत नाही. कण एकमेकांना टेकत नाहीत. एका कणातून दुसऱ्या कणात जाताना उष्णतेला मधलं प्लास्टिक ओलांडावंच लागतं. मॅक्सवेल यांनी १८७३ मध्ये दिलेल्या सूत्राने हिशोब केला तर जागेच्या १० टक्के तांबं घालून उष्णतावहन फक्त सव्वा पटीच्या थोडं वर, १.३३ पट होतं. ३० टक्के घातलं तरी सव्वादोन पटीच्या आसपास. शिवाय समोर पोलादाचा शाफ्ट असेल तर बहुतेक उष्णता तोच ओढून नेतो. प्लास्टिकचं चाक प्लास्टिकच्या चाकात फिरतं तिथे उष्णता बाहेर काढणारं पोलाद नसतं. तिथे धातूच्या पुडीचा हा गुण खरा कामाला येतो. पोलादी शाफ्टवरच्या बुशसाठी तो दुय्यम आहे, असं मला वाटतं.

जास्त महत्त्वाचं काम समोरच्या पृष्ठभागावर चालतं. प्लास्टिक पोलादावर घासू लागलं की त्याचा अतिशय पातळ थर पोलादावर चढतो. पोलादावरच्या खाचा भरतात, आणि मग प्लास्टिक पोलादावर न घासता आपल्याच थरावर घासू लागतं. तो थर टिकला तर झीज मंदावते. तो दर काही फेऱ्यांनी सुटून जात असेल, तर तो पुन्हा पुन्हा भरायला बुशचं प्लास्टिक खर्ची पडतं. अमेरिकेतल्या आयोवा स्टेट विद्यापीठात श्याम बहादूर यांनी या थरांचा अनेक वर्षं अभ्यास केला. तांब्याची काही संयुगं, जसं कॉपर सल्फाइड, हा थर पोलादाला घट्ट धरून ठेवतात आणि झीज घटते, असं त्यांच्या प्रयोगांत दिसलं. जस्ताची आणि शिशाची काही संयुगं नायलॉनमध्ये घातली तेव्हा मात्र झीज वाढली. कण मिसळण्याची पद्धत तीच होती; फरक थर धरून ठेवण्यात होता.

आता कणाच्या पकडीकडे वळू. धातू आणि प्लास्टिक यांचं आपोआप फारसं जुळत नाही. कणाभोवती बारीकशी पोकळी राहिली, तर भार आल्यावर कण हलू लागतो, मग सुटतो. सुटलेला कण बुश आणि शाफ्टच्या मध्ये सापडला की दोघांनाही खरवडतो. जो कण झीज थांबवायला घातला तोच मग कच बनतो. म्हणून चांगलं काम करणारे आधी धातूच्या पुडीवर सिलेन नावाच्या रसायनांचा लेप देतात. त्याचं एक टोक धातूला आणि दुसरं प्लास्टिकला धरतं. लुधियानाच्या गुरू नानक देव इंजिनिअरिंग कॉलेजमध्ये नायलॉन-६ मध्ये ॲल्युमिनियम आणि ॲल्युमिनियम ऑक्साइड मिसळून तार तयार केली गेली, आणि तिच्या छापलेल्या नमुन्यांची झीज एबीएसच्या नमुन्यांपेक्षा कमी आढळली. या निष्कर्षात धातूइतकाच नायलॉनचाही वाटा असणार, कारण नायलॉन मुळातच एबीएसपेक्षा झिजायला चिवट आहे. दोन वेगळ्या प्लास्टिकांची तुलना करून सगळं श्रेय पुडीला देणं बरोबर होणार नाही.

पहिली झीज प्रिंटरची

धातू भरलेल्या तारेशी सगळ्यात आधी घासते ती नोझल, म्हणजे प्रिंटरचं बारीक छिद्राचं तोंड. नेहमीची नोझल पितळेची असते, कारण पितळ उष्णता छान पोचवतं आणि त्यात बारीक छिद्र पाडणं सोपं. पोलादाची पूड भरलेली तार अशा नोझलचं छिद्र पाहता पाहता मोठं करते; रेघ जाड पडू लागते, मापं चुकतात. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या पुडीने हे सावकाश होतं, पण होतंच. त्यासाठी कडक केलेल्या पोलादाची नोझल लावावी लागते. कणांचा आकारही बघावा लागतो. छिद्र ४०० मायक्रॉनचं. कण त्याहून कितीतरी बारीक असले तरी त्यांचे गठ्ठे झाले की नोझल तुंबते.

मोजतात कसं?

बहुतेक प्रयोगशाळांत यासाठी पिन-ऑन-डिस्क यंत्र असतं. कडक पोलादाची चकती फिरते, तिच्यावर छापलेली पिन ठरावीक भाराने दाबून धरतात. पिन किती जोराने ओढली जाते ते मोजलं की घर्षण कळतं. आधी आणि नंतर पिनचं वजन केलं की झीज कळते. सुरुवातीला छपाईचे उंचवटे घासून जात असतात आणि पोलादावरचा थर अजून बसलेला नसतो, म्हणून झीज जास्त दिसते. ती स्थिरावल्यावरचा आकडा धरायचा.

इथे चौकटीतला हिशोब पुन्हा लागतो. साध्या पीएलएची पिन १० मिलिग्रॅम झिजली म्हणजे तिचे सुमारे ८ घन मिलिमीटर गेले. ८० टक्के तांब्याच्या पिनची घनता ४ च्या आसपास. तीही १० मिलिग्रॅम झिजली, तर गेले फक्त अडीच घन मिलिमीटर. वजनाचा तक्ता दोघींना सारखं ठरवतो, पण शाफ्ट ढिला होतो तो गेलेल्या जागेमुळे. उलटंही घडतं: छापलेल्या पिनमध्ये फटी असतील तर पुस्तकातली घनता वापरून केलेला हिशोब चुकतो; त्या पिनची घनता स्वतंत्र मोजावी लागते.

मे आणि ऑगस्ट

प्रयोगशाळेत २५ अंश तापमान असतं. जबलपुरात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ४५ अंश सहज होतात. पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. प्रयोगशाळेत घर्षणाने तापायला ३५ अंशांची मोकळीक होती, शेडमध्ये १५ अंशांचीच उरली. घर्षणाची उष्णता दाब आणि वेग यांच्या गुणाकाराबरोबर वाढते; म्हणून बुशची ताकद याच गुणाकाराने सांगतात. म्हणजे प्रयोगशाळेत जो गुणाकार चालला, त्याच्या निम्म्याहूनही कमी, ४३ टक्केच, मे महिन्यात चालेल. तांब्याची पूड पीएलए मऊ पडण्याचं तापमान फारसं बदलत नाही. फिरणाऱ्या भागासाठी जबलपुरात पीएलए वापरूच नये, मग त्यात कुठलाही धातू असो, असं माझं स्पष्ट मत आहे. नायलॉन किंवा एबीएस घ्यावं.

पण नायलॉनला पावसाळा सोसत नाही. नायलॉन-६ पूर्ण भिजलं तर वजनाच्या ९ टक्क्यांच्या आसपास पाणी पितं. दमट हवेतूनही ते पाणी ओढत राहतं. तार ओलसर असेल तर नोझलमध्ये पाण्याची वाफ होऊन फुटते आणि आत बुडबुडे राहतात, म्हणून छपाईआधी तार ७०-८० अंशांवर काही तास वाळवावी लागते. छापून झाल्यावरही बुश पाणी पितो, मऊ होतो आणि फुगतो. बाहेरून घट्ट बसवलेला असेल तर भोक आवळतं, शाफ्टवरचा दाब वाढतो, झीज वाढते. आत लोखंडाची पूड असेल तर पृष्ठभागावरचे उघडे कण गंजतात आणि गंजाचा कच वेगळा तयार होतो; तिथे ब्राँझ बरं. आणि नायलॉनच्या बुशचं भोक शाफ्टपेक्षा किती मोठं ठेवायचं, हे जानेवारीच्या कोरड्या हवेत मोजून ठरवू नये. छापलेला एक नमुना त्याच्या जागी घट्ट बसवून ऑगस्टच्या हवेत काही आठवडे ठेवावा, मग त्याचं भोक मोजावं, आणि त्या मापावरून पुढचे छापावेत.